वेलस्ली घराण्याची वंशावळ: रक्ताची रेघ वेगळी, किताबाची वेगळी

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाच ताडून बघता येईल. तुम्ही १८०३ च्या असईच्या लढाईवर लेख लिहिताय आणि शेवटी वेलस्ली घराण्याची एकपानी वंशावळ जोडायचा विचार आहे. ती करताना तीन ठिकाणी गाडी अडली. कागदांत मॉर्निंग्टन, वेस्ली, वेलस्ली आणि वेलिंग्टन अशी चार नावं येतात. ती माणसं नेमकी किती ते कळत नाही. एका वंशवृक्षात गव्हर्नर जनरल वेलस्ली वारस न ठेवता वारला आणि किताब भावाकडे गेला असं आहे, तर दुसऱ्यात त्याच माणसाची पाच मुलं दाखवून रेघ थेट राजे चार्ल्स तिसरे यांच्यापर्यंत नेलीय. शिवाय इंदूरहून लिहिलेल्या, १८२० च्या दशकातल्या एका पत्राची नक्कल तुमच्या हाती आलीय, खाली सही ‘जी. वेलस्ली’. तुमच्याकडच्या वंशवृक्षात त्या काळातला गेराल्ड एकच आहे, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, म्हणून ते पत्र तुम्ही त्याच्या नावावर टाकलंत. आणि शेवटी विचारलंत की यातला कुठला वंशवृक्ष खरा धरायचा.

दोन्ही वंशवृक्ष खरे आहेत. पत्राचा लेखक मात्र चुकलाय, आणि तो का चुकला याचं उत्तर पहिल्या दोन अडचणींतच आहे.

मी गेली बावीस वर्षं कुलवृत्तांतांचं आणि कंपनीकाळातल्या पत्रव्यवहाराच्या नामसूच्या करण्याचं काम करते. आपल्याकडचा कुलवृत्तांत करायची सवय असलेला माणूस ब्रिटिश उमराव घराण्याकडे वळला की हमखास एकाच जागी अडखळतो. आपल्याकडे आडनाव, वतन, मान आणि रक्त बहुतेक वेळा एकाच रेघेवरून खाली येतात. मूल नसेल तर दत्तक घेतात आणि तो सगळ्याचाच वारस होतो. तिकडे या चार गोष्टी चार वाटांनी जातात. रक्त एकीकडे, आडनाव दुसरीकडे, किताब तिसरीकडे आणि जमीन चौथीकडे. किताबाच्या बाबतीत दत्तकाला तर काहीच अर्थ नाही. दत्तक मुलाला ब्रिटिश उमरावपद मिळत नाही. तेव्हा एका कागदावर एकाच रंगाने रेघा मारल्या की गोंधळ ठरलेलाच. मी तीन रंगांच्या पेन्सिली वापरते: रक्ताला काळी, किताबाला तांबडी, आडनावाला निळी. जमिनीचं समासात लिहून ठेवते.

किती खोलात जायचं हे तुमच्या लेखावर आहे. फक्त १८०३ च्या मोहिमेपुरतं हवं असेल तर तीन भाऊ आणि त्यांच्या किताबांच्या तारखा पुरतात. पण इंदूरचं पत्र वापरणार असाल तर पुढची पिढी घ्यावीच लागेल, आणि तीही अनौरस मुलांसकट.

आडनावापासून सुरुवात करू. हे घराणं मुळात वेलस्ली नव्हतं आणि वेस्लीही नव्हतं. आयर्लंडमधल्या किल्डेअर काउंटीतल्या कार्बरीचे हे कॉली. १७२८ मध्ये मीथ काउंटीतला गॅरेट वेस्ली नावाचा जमीनदार निपुत्रिक वारला आणि डँगन आणि मॉर्निंग्टन इथल्या त्याच्या जमिनी रिचर्ड कॉलीला मिळाल्या. रिचर्डने जमिनीबरोबर वेस्ली हे आडनावही घेतलं. इंग्रजी कागद या दोघांना नुसतं ‘कझिन’ म्हणतात आणि पुढे जातात. आपण मराठीत तिथे थांबावं, कारण आपल्या भाषेला याहून जास्त माहिती लागते. गॅरेटची आई एलिझाबेथ ही रिचर्डच्या वडिलांची सख्खी बहीण. म्हणजे गॅरेट हा रिचर्डचा आतेभाऊ, आणि वेस्लींची जमीन गेली ती गॅरेटच्या आजोळी. या नात्यापुरतं बोलायचं तर रिचर्डचा वेस्लींशी रक्ताचा संबंध नाही. ‘कझिन’ दिसला की तो आते, मामे, चुलत की मावस हे ठरवल्याशिवाय मी रेघ मारत नाही. एवढी एक शिस्त पाळलीत तरी निम्म्या चुका टळतील.

तुम्ही ओघात विचारलंय की मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली याच घराण्यातले का. गॅरेट वेस्लीने जॉनच्या भावाला, चार्ल्सला, वारस करायची तयारी दाखवली होती आणि चार्ल्सने ती नाकारली, अशी जुनी हकीकत आहे. ती लेखात जरूर सांगा, पण तिच्या जोरावर दोन घराणी रेघेने जोडू नका. वारसा देऊ केल्याची गोष्ट हा नात्याचा पुरावा होत नाही.

हा रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. (बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक हे तिकडच्या उमरावांचे खालून वर चढत जाणारे दर्जे.) त्याचा मुलगा गॅरेट हा संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला संगीताचा पहिला प्राध्यापक. १७६० मध्ये तो अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला आणि त्याच वेळी त्याला व्हायकाउंट वेलस्ली असाही किताब मिळाला. म्हणजे वेलस्ली हे नाव या घरात किताब म्हणून आधी आलं. आडनाव म्हणून ते जवळपास तीस वर्षांनी रुळलं. थोरल्या मुलाने, रिचर्डने, वेस्लीचं जुनं रूप म्हणून वेलस्ली उचललं आणि हळूहळू भावांनीही. यांतला आर्थर, असईला लढलेला आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला, १७९७ मध्ये ३३ व्या पलटणीचा कर्नल म्हणून कलकत्त्याला उतरला तेव्हा वेस्ली अशीच सही करत होता. मे १७९८ मध्ये रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला पोहोचला आणि त्याच महिन्यात आर्थरची सही वेलस्ली झाली. हस्ताक्षर तेच, हुद्दा तोच, फक्त मधली तीन अक्षरं वाढली. त्यामुळे तारीख न बघता नामसूची करणारा माणूस कर्नल वेस्ली आणि कर्नल वेलस्ली अशी दोन माणसं करून बसतो.

आता माणसं मोजू. पहिल्या अर्लची तुमच्या कामाची मुलं पाच: रिचर्ड (१७६०), विल्यम (१७६३), आर्थर (१७६९), गेराल्ड व्हॅलेरियन (१७७०) आणि हेन्री (१७७३). या आर्थरच्या आधी आर्थर नावाचाच आणखी एक मुलगा लहानपणी गेला होता. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत तिकडे सर्रास होती, म्हणून कुठे आर्थरचं जन्मवर्ष आठ वर्षं मागे दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. तो दुसरा मुलगा आहे.

आर्थरच्या जन्मतारखेजवळ जरा थांबते, कारण नोंद कशी वाचायची हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. बहुतेक पुस्तकं १ मे १७६९ लिहितात. तो स्वतः वाढदिवस १ मेलाच करायचा. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा १ मे १८५० ला जन्मला म्हणून त्याचं नाव याच्यावरून आर्थर ठेवलं गेलं. पण डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चच्या नोंदवहीत मॉर्निंग्टनच्या अर्ल आणि काउंटेसचा मुलगा आर्थर याचा बाप्तिस्मा आहे ३० एप्रिल १७६९ चा. जन्माच्या आदल्या दिवशी बाप्तिस्मा होत नाही. आता दोनपैकी काय धरायचं? नोंदवही त्या वेळची आहे म्हणून तिचं वजन जास्त. पण चर्चच्या वह्या कधी कधी चिठ्ठ्यांवरून मागाहून भरल्या जात आणि त्यात एखाद्या दिवसाचा घोळ होऊ शकतो. घरात पाळलेल्या वाढदिवसामागे आईची आठवण असते आणि तीही सहज झटकून टाकण्यासारखी नाही. जन्मस्थळाचंही तसंच. डब्लिनमधलं मेरिअन स्ट्रीटचं घर की मीथमधलं डँगन, यावर वाद चालत आलाय. आईने १८१५ मध्ये मेरिअन स्ट्रीट सांगितलं होतं. अशा वेळी मी एक तारीख निवडून दुसरी पुसत नाही. वंशावळीत लिहिते: ‘परंपरेने १ मे १७६९, बाप्तिस्म्याची नोंद ३० एप्रिल’. वाचकाला दोन्ही दिसू द्यावं.

आता किताबांकडे, म्हणजे तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. नियम एकच आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा: प्रत्येक किताब ज्या माणसाला पहिल्यांदा दिला त्याच्यापासून सुरू होतो आणि त्याच्याच वंशात खाली उतरतो. सनदेत बहुतेक वेळा ‘त्याच्या देहापासून झालेले औरस पुरुष वारस’ अशा अर्थाचे शब्द असतात. भाऊ, पुतण्या, काका हे मूळ माणसाचे वंशज असतील तरच त्यात बसतात.

मॉर्निंग्टनचं अर्लपद १७६० चं आणि ते बापाला दिलेलं. त्यामुळे पाचही भाऊ आणि त्यांचे औरस मुलगे, नातू या रांगेत आहेत. रिचर्ड थोरला, म्हणून १७८१ मध्ये वडील गेल्यावर तो दुसरा अर्ल झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याला मार्क्वेस वेलस्ली केलं. हा नवा किताब त्याचा स्वतःचा, त्याच्यापासून सुरू झालेला. भावांचा त्यावर काही हक्क नाही. तोही आयर्लंडच्या उमरावांतला निघाला आणि यावर रिचर्ड फार चिडला होता, कारण आयरिश किताबाने वेस्टमिन्स्टरला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायला मिळत नसे. तिथे तो बसायचा तो १७९७ मध्ये मिळालेल्या बॅरन वेलस्ली या वेगळ्या किताबावर.

तुमच्या कागदांसाठी याचा अर्थ असा: १७९८-९९ च्या कागदांतला ‘लॉर्ड मॉर्निंग्टन’ आणि नंतरचा ‘लॉर्ड वेलस्ली’ हा एकच माणूस, रिचर्ड. सनद डिसेंबर १७९९ ची, पण बातमी जहाजाने यायला महिने लागले. म्हणून १८०० च्या सुरुवातीच्या हिंदुस्थानातल्या कागदांवर अजून मॉर्निंग्टनच आहे. ‘जनरल वेलस्ली’ मात्र आर्थर. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यामागचं धोरण रिचर्डचं, पेशव्यांशी बोलणी करणारा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा वकील, बॅरी क्लोज, आणि पुढे १८०३ मध्ये ऑगस्टमध्ये अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड इथे लढणारा आर्थर. आपल्याकडच्या जुन्या लेखांत ‘वेलस्लीने तह लादला आणि असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला’ अशी वाक्यं सापडतात. त्यात दोन सख्खे भाऊ एकाच क्रियापदात कोंबलेले असतात. त्यातच धाकटा हेन्रीही त्या वर्षांत इथेच होता, आधी रिचर्डचा खाजगी सचिव आणि मग अयोध्येच्या नवाबाकडून घेतलेल्या प्रांतांचा कारभारी. तीन वेलस्ली एकाच वेळी हिंदुस्थानात. नुसतं आडनाव लिहून भागत नाही.

वेलिंग्टन हे नाव १८०३ च्या कोणत्याही कागदात येऊ शकत नाही. ते पहिल्यांदा आलं सप्टेंबर १८०९ मध्ये, स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईनंतर, आणि तेही व्हायकाउंट म्हणून. आर्थर तेव्हा युद्धभूमीवर होता. किताबाला नाव कुठलं घ्यायचं हे लंडनमध्ये भाऊ विल्यमने ठरवलं. वेलस्लीशी जवळचं वाटेल असं सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावाचं नाव त्याने शोधून काढलं. १८१२ मध्ये आर्थर अर्ल झाला, त्याच वर्षी मार्क्वेस आणि मे १८१४ मध्ये ड्यूक. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची. वॉटर्लू जिंकल्यामुळे ड्यूक झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं; तेवढं तुमच्या लेखात येऊ देऊ नका.

आता मृत्यूंच्या क्रमाने तांबडी रेघ खाली आणा. सप्टेंबर १८४२ मध्ये रिचर्ड वारला. त्याला औरस मुलगा नव्हता, म्हणून मार्क्वेसपद त्याच्याबरोबर संपलं. अर्लपद बापाचं, ते टिकलं आणि पुढच्या भावाकडे, विल्यमकडे गेलं. या विल्यमने १७८१ मध्येच पोल नावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली म्हणून आडनावाला पोल जोडलं होतं. त्याचा मुलगा, तोही विल्यम, याने १८१२ मध्ये कॅथरीन टिल्नी-लाँग या अफाट श्रीमंत मुलीशी लग्न केलं आणि आडनाव पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली असं लांबवलं. बायकोच्या बाजूने आलेला वॉन्स्टेडचा भलाथोरला वाडा त्याच्या कर्जापायी विकला जाऊन १८२४-२५ च्या सुमारास दगडांच्या भावाने मोडला गेला. पुढे न्यायालयाने त्याची मुलंही त्याच्या ताब्यातून काढून घेतली. हा १८४५ मध्ये चौथा अर्ल झाला आणि १८५७ मध्ये वारला. त्याचा मुलगा पाचवा अर्ल. तो १८६३ मध्ये अविवाहित गेला.

इथे विल्यमची शाखा आटली. मग रेघ परत वर चढते, बापाच्या पुढच्या मुलाकडे, म्हणजे आर्थरकडे. पण आर्थर १८५२ मध्येच गेला होता, म्हणून अर्लपद मिळालं त्याच्या मुलाला, दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला. तेव्हापासून ही दोन पदं एकत्र आहेत. आज ड्यूकच्या थोरल्या मुलाला शिष्टाचार म्हणून मार्क्वेस ऑफ डूरो म्हणतात आणि त्याच्या मुलाला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. यातून निघणारी गोष्ट फार कामाची आहे: पहिला ड्यूक, म्हणजे असईचा आर्थर, आयुष्यात कधीही मॉर्निंग्टनचा अर्ल नव्हता. काही वंशवृक्षांत त्याच्या नावाखाली हा किताब चिकटवलेला असतो, कारण त्याच्या वारसांकडे तो आहे.

याच १८६३ मध्ये जमीन कुठे गेली तेही बघा, म्हणजे समासात लिहायचं का सांगते ते कळेल. पाचव्या अर्लने मृत्युपत्राने विल्टशरमधली ड्रेकॉटची इस्टेट दिली हेन्रीच्या मुलाला, अर्ल काउलीला. नात्याने तो त्याच्या वडिलांचा चुलतभाऊ. दुसरा ड्यूकही नात्याने अगदी तेवढाच जवळचा. एका मृत्यूने किताब एका चुलत्याकडे गेला आणि जमीन दुसऱ्याकडे. आणि काउली हे नाव ओळखीचं वाटतंय ना? कॉलीचंच ते रूप. १७२८ मध्ये जे आडनाव टाकलं होतं ते हेन्रीने १८२८ मध्ये किताब घेताना परत आणलं, बरोबर शंभर वर्षांनी. मला हे वळण फार आवडतं.

आता तुमचा दुसरा वंशवृक्ष, राजे चार्ल्स यांच्यापर्यंत पोहोचणारा. रिचर्डला यासिंत रोलाँ या फ्रेंच बाईपासून पाच मुलं झाली: रिचर्ड, अ‍ॅन, यासिंत, गेराल्ड आणि हेन्री. लग्न झालं नोव्हेंबर १७९४ मध्ये, पाचही मुलं झाल्यावर. युरोपातल्या अनेक देशांत आईबापांनी मागाहून लग्न केलं की आधीची मुलं औरस ठरत. चर्चचा कायदाही तेच म्हणे. इंग्लंडच्या सरदारांनी मात्र १२३६ मध्ये मर्टन इथे ही सुधारणा साफ नाकारली होती. इंग्लंडचे कायदे बदलायची आमची इच्छा नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि साडेपाचशे वर्षांनंतर त्या नकाराची झळ या पाच मुलांना लागली. १९२६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मागाहूनच्या लग्नाने मुलं औरस ठरू लागली, तरी उमरावपदाचा वारसा त्यातूनही वगळलेलाच राहिला. म्हणून ‘वारस न ठेवता वारला’ हे किताबाच्या भाषेत खरं आणि ‘पाच मुलं होती’ हे रक्ताच्या भाषेत खरं.

पुढची काळी रेघ अशी. अ‍ॅनचं पहिलं लग्न सर विल्यम अ‍ॅब्डीशी झालं. १८१५ मध्ये ती लॉर्ड चार्ल्स बेंटिंकबरोबर निघून गेली. १८१६ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने घटस्फोट होऊन तिचं त्याच्याशी लग्न झालं. त्या काळी पूर्ण घटस्फोटाला स्वतंत्र कायदाच करावा लागे, त्यामुळे असे प्रसंग वंशावळ करणाऱ्याला फार उपयोगी पडतात. तारखा आणि नावं सरकारी कागदावर चोख सापडतात. त्यांचा मुलगा चार्ल्स कॅव्हेंडिश-बेंटिंक (१८१७) पाद्री झाला. त्याची मुलगी सेसिलिया स्ट्रॅथमोरच्या अर्लला दिली. सेसिलियाची मुलगी एलिझाबेथ बोव्ज-लायन, म्हणजे राजमाता, तिची मुलगी राणी एलिझाबेथ दुसरी आणि तिचे पुत्र राजे चार्ल्स. रिचर्डला पहिला धरला तर राजे चार्ल्स सातव्या पिढीचे. आणि अ‍ॅनचा नवरा चार्ल्स बेंटिंक म्हणजे सतीबंदी करणाऱ्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा सख्खा धाकटा भाऊ. हिंदुस्थानच्या दोन गव्हर्नर जनरलांची घरं या एका लग्नात जुळली.

ज्या मुलीच्या शाखेला किताबाच्या वंशवृक्षात जागाच नाही, ती शाखा राजघराण्यापर्यंत पोहोचली. तुमचा इंदूरचा ‘जी. वेलस्ली’ हा तिचाच पाठचा भाऊ. गेराल्ड, जन्म १७९०, मृत्यू १८३३. कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि इंदूरला होळकरांच्या दरबारी रेसिडेंट झाला. गव्हर्नर जनरलचा अनौरस मुलगा, आर्थरचा पुतण्या. तुम्ही ज्याच्या नावावर पत्र टाकलंत तो गेराल्ड व्हॅलेरियन या मुलाचा काका. तो इंग्लंडमध्ये पाद्री होता. तुमच्याकडचा वंशवृक्ष किताबाचा होता, त्यात अनौरस मुलं घेतलीच नव्हती, म्हणून तुम्हाला एकच गेराल्ड दिसला. पुढे आणखी एक गेराल्ड व्हॅलेरियन आहे (१८०९–१८८२), हेन्रीचा मुलगा, विंडसरचा डीन. तोही तुमच्या पत्राचा नव्हे.

अशी चूक माझ्याही हातून झालीय. एका पत्रसंग्रहाच्या सूचीत मी ‘लॉर्ड काउली, पॅरिसमधला ब्रिटिश राजदूत’ अशी एकच नोंद केली होती. बाप हेन्री १८४१ ते १८४६ पॅरिसला राजदूत आणि मुलगा हेन्री १८५२ ते १८६७, त्याच शहरात त्याच हुद्द्यावर. सूची छापून आल्यावर एका वाचकाने दाखवून दिलं की माझा राजदूत १८४७ मध्ये मरतो आणि पाच वर्षांनी परत रुजू होतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कार्डावर पहिली ओळ मृत्यूच्या तारखेची असते आणि दुसरी ‘या तारखेला हा स्वतःला काय म्हणवत होता’ याची.

पडताळणी कुठे करायची हेही विचारलंय. बर्कची उमरावांची सूची १८२६ पासून निघते आणि शाखा शोधायला फार सोयीची आहे, पण जुन्या आवृत्त्यांत घराण्यांनी स्वतः पुरवलेल्या दंतकथा तशाच छापल्या जात. मध्ययुगातल्या पिढ्या तिथून उचलू नका. किताबांच्या तारखांसाठी ‘कंप्लीट पीअरेज’ जास्त भरवशाचं. आर्थरचे कागद साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत, रिचर्डचे बरेचसे ब्रिटिश लायब्ररीत. हिंदुस्थानातल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी इंडिया ऑफिसच्या दप्तरात बंगाल, मद्रास, मुंबई अशा वेगळ्या मालिकांत आहेत. आयर्लंडमधल्या जुन्या कॉली-वेस्ली पिढ्यांचं काम मात्र अवघड. १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सरकारी दप्तरखाना जळाला आणि असंख्य मृत्युपत्रं गेली. त्याआधी विल्यम बेथमने काढून ठेवलेल्या गोषवाऱ्यांवर आज पुष्कळ भिस्त आहे. एकपानी वंशावळीसाठी तुम्ही १७२८ च्या मागे जाऊच नका.

त्या एका पानात मी काय ठेवीन ते सांगते. वर रिचर्ड कॉली, पुढे वेस्ली झालेला. खाली पहिला अर्ल गॅरेट. त्याखाली पाच भाऊ. रिचर्डखाली पाचही मुलं, तुटक रेघेने आणि ‘विवाहापूर्वी जन्मलेली’ अशा साध्या शब्दांनी. त्यातल्या अ‍ॅनपासून राजे चार्ल्स यांच्यापर्यंतची रेघ जागा असेल तर. विल्यमखाली १८६३ पर्यंतचे दोन अर्ल, आर्थरखाली दुसरा ड्यूक, हेन्रीखाली अर्ल काउली. प्रत्येक किताबासमोर तो कधी मिळाला ते साल. मजकुरात आर्थरला १८०३ पुरतं ‘मेजर जनरल आर्थर वेलस्ली’ म्हणा, आणि मे १७९८ च्या आधीचं पत्र उद्धृत केलंत तर सही ‘वेस्ली’ आहे तशीच राहू द्या.

इंदूरच्या पत्राची नोंद अशी करा: ‘गेराल्ड वेलस्ली, रेसिडेंट, इंदूर, मार्क्वेस वेलस्लीचा मुलगा’. फक्त त्याआधी नकलेवरची तारीख आणि हुद्दा पुन्हा एकदा भिंगाखाली वाचून घ्या. नक्कल करणाऱ्यांच्या हाताखाली ‘जी’ आणि ‘सी’ ही इंग्रजी अक्षरं सारखी दिसतात, आणि आर्थरच्या धाकट्या मुलाचं नाव चार्ल्स आहे.